ताशी शंभरची थरथर

इलेक्ट्रिक गाडी घेतलेल्या माणसाची पहिली तक्रार चार्जिंगची असते. ती दोन-चार महिन्यांत मावळते, कारण आपल्या नेहमीच्या रस्त्यावर चार्जर कुठे आहेत हे त्याला पाठ होते. दुसरी तक्रार मात्र चिवट असते. शहरात गाडी सुरेख चालते. हायवेला लागून काटा ९५च्या पुढे गेला की स्टिअरिंग थरथरू लागते, शंभर-एकशे पाचला हाताला मुंग्या येतात आणि गंमत म्हणजे ११५च्या पुढे ती थरथर पुन्हा कमी होते. बॅलन्सिंग करून झाले, अलाइनमेंट करून झाले, पुढचे टायर मागे टाकून झाले, तरी हाल तेच. या एका तक्रारीपायी मी कित्येक वर्षे लोकांच्या गाड्यांतून फिरतो आहे, आणि माझे मत ठाम झाले आहे: हा दोष सापडतोच. फक्त आधी मोजायचे आणि मग पाना हातात घ्यायचा. आपल्याकडे क्रम नेमका उलटा असतो.

या मोजण्यामागचा इतिहास झटकन सांगतो. कोणतीही गुंतागुंतीची हालचाल साध्या लहरींच्या बेरजेत मांडता येते, हे फूरियेने १८२२च्या ग्रंथात दाखवले. फिरणारा दांडा ठरावीक वेगालाच का भडकतो, याचे नीट गणित जेफकॉटने १९१९ साली मांडले. फूरियेचे गणित संगणकाला झपाट्याने करता यावे म्हणून कूली आणि टुकी यांनी १९६५मध्ये युक्ती प्रसिद्ध केली. आज ते सगळे तुमच्या खिशातल्या फोनमध्ये आहे. एवढा इतिहास आपल्याला पुरे.

आता आकड्यांकडे या, कारण खरी मजा तिथे आहे. २१५/६० आर १६ हा आपल्याकडच्या मध्यम आकाराच्या गाड्यांवर दिसणारा टायर घ्या. भार घेऊन चालताना तो एका फेरीत साधारण २.०५ मीटर अंतर कापतो. ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २७.८ मीटर. भागाकार केला की चाक सेकंदाला सुमारे साडेतेरा फेऱ्या घेते असे निघते. चाकात एका जागी दोष असेल तर धक्काही सेकंदाला साडेतेराच. चाक दोन बाजूंनी दबलेले, म्हणजे लंबगोल असेल तर २७. ड्राइव्ह शाफ्टच्या आतल्या सांध्यात तीन रोलर असतात. तो झिजला तर फेरीला तीन धक्के, म्हणजे ४०च्या आसपास. आणि मोटर? ती चाकाच्या साधारण नऊ-दहा पट वेगाने फिरते, म्हणजे सेकंदाला १२० ते १३५ फेऱ्या. तिचा दोष हाताला थरथर म्हणून कळत नाही, कानाला घूं असा सूर म्हणून ऐकू येतो. म्हणजे थरथर सेकंदाला किती वेळा होते हा एक आकडा मिळाला की निम्मी गाडी संशयातून सुटते.

हा आकडा मिळवायला प्रयोगशाळा लागत नाही. जर्मनीतल्या आखेनच्या तंत्रविद्यापीठाने ‘फायफॉक्स’ नावाचे मोफत ॲप काढले आहे. फोनमधला हालचाल मोजणारा संवेदक बहुतेक वेळा सेकंदाला शंभर किंवा त्याहून जास्त नोंदी घेतो. त्यातून ५०पर्यंतची कंपने ओळखता येतात, आणि हाताला जाणवणाऱ्या थरथरीचे सगळे संशयित त्याच्या आतच आहेत. फोन सीटच्या लोखंडी पट्टीला घट्ट बांधायचा, शेजारच्या माणसाने ॲप सांभाळायचे, चालवणाऱ्याने वीस-पंचवीस सेकंद वेग स्थिर ठेवायचा. वेग जीपीएसचा धरायचा, कारण गाडीचा काटा मुद्दामच थोडा जास्त दाखवणारा बनवलेला असतो.

माझे एक वकील मित्र छत्रपती संभाजीनगरहून नागपूरला कामासाठी समृद्धी महामार्गाने जातात. गाडी इलेक्ट्रिक, वर्ष-सव्वा वर्षाची. थरथर अगदी वर सांगितली तशीच. सर्व्हिस सेंटरने बॅलन्सिंग केले, पुन्हा केले, मग ‘या गाड्यांना असं थोडं होतंच’ हे उत्तर दिले. पेट्रोल गाडीत इंजिनाच्या आवाजात आणि हादऱ्यांत चाकाची थरथर बुडून जाते. इथे झाकायला काही नाही, एवढ्यापुरते ते उत्तर खरे. पण म्हणून दोष नाही असे होत नाही. मी फोन सीटला बांधू लागलो तेव्हा वकीलसाहेब अस्वस्थ झाले. “अहो, तुम्ही फोन काय बांधताय? बॉनेट उघडून बघा ना!” आम्ही निघालो. आलेखावर साडेतेराच्या जागी एकच उंच सुळका, बाकी सारे सपाट. वेग ८०वर आणला तर सुळका ११च्या जवळ सरकला. वेगाबरोबर तो सरकतो म्हणजे दोष चाकाच्याच फिरण्यातला. मोटर, बॅटरी, सॉफ्टवेअर, ज्यांच्यावर त्यांचा राग होता ती सगळी मंडळी निर्दोष सुटली.

आणखी एक परीक्षा इथे सांगतो, कारण ती नेहमी चुकीची वाचली जाते. पेट्रोल गाडी वेगात असताना न्यूट्रल केली की इंजिन चाकांपासून सुटते. थरथर थांबली तर दोष इंजिनाकडे. इलेक्ट्रिक गाडीत बहुधा मोटर चाकांना कायमची जोडलेली असते. न्यूट्रल केल्यावर फक्त जोर जातो, मोटर फिरतच राहते. म्हणून इथे या परीक्षेने एवढेच कळते की थरथर जोर लावल्यामुळे येते की नुसत्या फिरण्यामुळे. जोर दिल्यावर वाढत असेल तर ड्राइव्ह शाफ्टचे सांधे आणि मोटरचे माउंट बघा. रस्ता मोकळा आणि सरळ असेल तरच हे करा, आणि गाडी बंद मात्र करू नका. वकीलसाहेबांच्या गाडीत न्यूट्रलला काहीही फरक पडला नाही.

आता माझा लाडका विषय: चाक गोल आहे का?

बॅलन्सिंग मशीन चाक हवेत फिरवते आणि कुठे वजन कमी आहे ते सांगते. पडद्यावर शून्य-शून्य आले की कारागीर हात झटकतो. वकीलसाहेबांच्या टायरवाल्याचेही तेच म्हणणे होते: “साहेब, मशीन झिरो दाखवतंय. आणखी काय करू?” त्याचे चूक नव्हते. पण वजनाने समतोल असलेले चाक गोल असतेच असे नाही. हिशेब करून पाहा. रिमवर, मध्यापासून २० सेंटिमीटरवर, २० ग्रॅम वजन जास्त असेल तर ताशी १०० वेगाला ते जवळजवळ ३ किलोच्या जोराने चाकाला ओढते. ताशी ५०ला हाच जोर चौथ्या हिश्श्यावर येतो, म्हणून शहरात काही जाणवत नाही. आता गोलाईचे बघा. गाडीचा टायर एक मिलिमीटर दाबायला ढोबळमानाने २० किलो लागतात. म्हणजे चाकाच्या उंच आणि सखल भागात एक मिलिमीटरचा फरक असेल तर प्रत्येक फेरीत त्या चाकावरचा भार सुमारे २० किलोंनी वर-खाली होतो. एक मिलिमीटर! डोळ्यांना तो दिसणारही नाही.

याहून सुंदर गोष्ट पुढे आहे. असमतोलाचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. गोलाईतल्या दोषाचा जोर वेग कितीही असला तरी साधारण तेवढाच राहतो. मग तो शंभरलाच का जाणवतो? कारण चाक, हब आणि सस्पेन्शन यांच्या समूहाला स्वतःचे एक कंपन असते, बहुतेक गाड्यांत सेकंदाला १० ते १५च्या दरम्यान. चाकाच्या फेऱ्या त्या आकड्याशी जुळल्या की धक्के फुगतात, पुढे गेले की ओसरतात. शिवाय आपल्या हाताची कंपने टिपण्याची क्षमताही ८ ते १६च्या पट्ट्यात सर्वांत तीक्ष्ण असते. दोन्ही गोष्टी एकाच वेगाला गाठतात. ११५ला थरथर कमी होण्याचे कोडे इथे सुटते, आणि शिशाचे तुकडे चिकटवत राहून हा दोष का जात नाही तेही कळते: दोन जोरांची वाढ वेगवेगळी असल्यामुळे एका वेगाला ते एकमेकांना झाकले तरी दुसऱ्या वेगाला उघडे पडतात.

भोसरीत एक छोटे वर्कशॉप आहे, तिथे ब्लोअरचे रोटर बॅलन्स होतात. तिथल्या जुन्या फोरमनकडे मी कधी कधी नुसता बघत बसायला जातो. रोटर मशीनवर चढवण्याआधी ते न चुकता डायल, म्हणजे बारीकसा फरक काट्यावर दाखवणारे मापक, लावून बघतात, रोटर फिरताना किती ‘आऊट’ आहे ते. आऊट असलेला रोटर ते बॅलन्स करायला घेतच नाहीत. आपल्या टायरच्या दुकानात ही साधी शिस्त का नसावी, हा प्रश्न मला तिथूनच पडला.

वकीलसाहेबांची गाडी आम्ही जॅकवर घेतली. पुढची आणि मागची चाके आधीच बदलून पाहिली होती. तेव्हा थरथर स्टिअरिंगमधून सीटमध्ये गेली होती, म्हणजे दोषी चाक मूळचे पुढचे. टायरवर डायल लावून हाताने हळूहळू फिरवले. काटा दीड मिलिमीटरच्या वर फिरला. मग टायर उतरवून नुसत्या रिमवर डायल लावला: तीही थोडी आऊट होती, आणि टायरचा उंच भाग नेमका रिमच्या उंच भागावर बसला होता. दोघांच्या चुका एकाच बाजूला जमल्या होत्या. टायर रिमवर अर्धा फेरा फिरवून बसवला, की एकाचा उंच भाग दुसऱ्याच्या सखल भागावर येतो. पुन्हा डायल लावला तेव्हा फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आत होता. नंतर बॅलन्सिंग. नवा सुटा भाग एकही लागला नाही. नव्या टायरवर बऱ्याचदा लाल आणि पिवळा ठिपका असतो तो याचसाठी: पिवळा म्हणजे हलकी जागा, ती व्हॉल्व्हपाशी येते, लाल म्हणजे जास्त जोराची जागा, ती रिमच्या सखल खुणेपाशी बसवायची, अर्थात रिमवर तशी खूण असेल तर. टायरवर रोलर दाबून हे सगळे आपोआप मोजणारे रोड फोर्स मशीनही असते. जिथे आहे तिथे आग्रहाने वापरून घ्यावे.

बाकीच्या कारणांना धावती भेट देतो. पावसाळ्यात रिमच्या आत वाळलेला चिखल, हबच्या तोंडावर चढलेला गंज, बाहेरून घेतलेल्या अलॉयचे हबपेक्षा मोठे भोक, एअर गनने वेडेवाकडे आवळलेले नट. इलेक्ट्रिक गाडी तेवढ्याच आकाराच्या पेट्रोल गाडीपेक्षा दोन-तीनशे किलोंनी जड असते, त्यामुळे हवा कमी ठेवून दिवसेंदिवस उभी राहिली की टायर खाली चपटा होतो. वीसेक किलोमीटर चालल्यावर ती थरथर जाते, तिच्यामागे लागू नये. ब्रेक दाबल्यावरच हादरत असेल तर डिस्क बघा. मोटरच गाडीचा वेग कमी करते त्या रीजनरेशनमुळे ब्रेक कमी वापरले जातात आणि डिस्कवर गंज चढतो.

रस्त्यालाही विसरू नका. सिमेंटच्या रस्त्यात साधारण साडेचार मीटरवर सांधे असतात. ताशी १००ला ते सेकंदाला सहा ठोके देतात. हा सुळका आलेखात दिसला तर गाडीला दोष देऊ नका, डांबरी रस्त्यावर जाऊन पाहा. आणि लांब वळणानंतर थरथर अचानक वाढली किंवा कमी झाली तर खूश व्हा. वळणात बाहेरचे चाक जास्त फिरते आणि दोन चाकांच्या दोषांची जुळणी बदलते; म्हणजे दोष दोन चाकांत आहे, हे रस्त्यानेच सांगितले.

पुण्याच्या वेताळ टेकडीवर एआरएआयसारखी संस्था आहे, जिथे गाड्यांचा आवाज आणि कंपने यांवर काम चालते. ज्या राज्यात हे आहे, चाकण आहे, भोसरी आहे, तिथे ग्राहकाला ‘असं थोडं होतंच’ हे उत्तर मिळू नये. तुमची गाडी थरथरत असेल तर गॅरेजला जाताना कागदावर लिहून न्या: जीपीएसचा वेग, सेकंदाला किती कंपने, जोर काढल्यावर फरक पडतो का, हाताला जाणवते की सीटला. आणि टायरवाल्याला सांगा की बॅलन्सिंगच्या आधी डायल लावा. मॅग्नेटच्या स्टँडसकट डायल काही हजार रुपयांत मिळतो. तो प्रत्येक टायरच्या दुकानात असायला हवा, आणि मागितल्याशिवाय तो येणार नाही.