हायब्रिड क्लाउड: जोडणी तुटल्यावर काय चालू राहते?

अमेरिकेतील निस्ट या मानक संस्थेने 2011 मध्ये दिलेल्या व्याख्येचा आशय असा: वेगवेगळे अस्तित्व राखणारे दोन किंवा अधिक क्लाउड, डेटा आणि अ‍ॅप्लिकेशन एकीकडून दुसरीकडे नेता येतील अशा तंत्रज्ञानाने जोडले, की हायब्रिड क्लाउड होतो. परीक्षेपुरती ही व्याख्या ठीक आहे. प्रत्यक्ष रचना करताना खरी अडचण त्या जोडणीतच असते.

समजा, गुवाहाटीतील एका विद्यापीठाचा निकालांचा डेटाबेस स्वतःच्या डेटासेंटरमध्ये आहे. निकालाच्या दिवशी गर्दी वाढते, म्हणून वेब सर्व्हर मुंबईतील पब्लिक क्लाउडवर वाढवले. याला क्लाउड बर्स्टिंग म्हणतात. ऑप्टिकल फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जातो. या दोन शहरांतील अंतर सरळ रेषेतही 2,000 किलोमीटरहून जास्त आहे. त्यामुळे एक क्वेरी जाऊन उत्तर येण्यास किमान 20 मिलिसेकंद लागतात. एक पान दाखवण्यासाठी एकामागून एक 50 क्वेरी लागत असतील, तर निव्वळ प्रवासातच 1 सेकंद गेला. सर्व्हर कितीही वाढवले तरी हा वेळ कमी होत नाही. उलट ते सगळे मिळून त्याच एका डेटाबेसवर तुटून पडतात आणि आधी तोच बंद पडतो!

म्हणून निकालाची फक्त वाचता येणारी प्रत आदल्या दिवशीच क्लाउडवर ठेवावी. मूळ नोंदी आणि गुण बदलण्याचा अधिकार आतच राहू द्यावा. गुणांची प्रत लहान असते. स्कॅन केलेल्या उत्तरपत्रिकांचे मात्र तसे नाही. 10 टेराबाइट डेटा 100 मेगाबिट प्रतिसेकंद वेगाच्या लाइनवरून पाठवायला, लाइन पूर्ण मोकळी असली तरी, नऊ दिवसांहून अधिक लागतात. त्या डेटासेंटरमध्येच ठेवलेल्या बऱ्या.

दुसरा मार्ग उलटा आहे: क्लाउड कंपनीची यंत्रणाच आपल्या डेटासेंटरमध्ये बसवायची. अ‍ॅमेझॉनचे आउटपोस्ट्स आणि मायक्रोसॉफ्टचे अ‍ॅझ्युअर स्टॅक हब माहितीपत्रकात सारखेच वाटतात, पण दोघांचे कंट्रोल प्लेन, म्हणजे यंत्रणेला आज्ञा देणारा भाग, वेगवेगळ्या ठिकाणी असते. आउटपोस्ट्सचे नियंत्रण अ‍ॅमेझॉनच्या रीजनमधून होते. जोडणी तुटली तर चालू असलेल्या व्हर्च्युअल मशीन स्थानिक नेटवर्कवर चालत राहतात, पण नवीन मशीन सुरू करता येत नाही. अ‍ॅझ्युअर स्टॅक हबचे कंट्रोल प्लेन त्याच्या स्वतःच्याच सर्व्हरवर असल्याने ते इंटरनेटशिवायही चालवता येते. मात्र तसे चालवायचे तर परवाना वापरानुसार नव्हे, क्षमतेनुसार घ्यावा लागतो.

लॉगिनचा प्रश्न बहुतेक वेळा विसरला जातो. वापरकर्त्यांची ओळख तपासणारी सेवा फक्त क्लाउडवर असेल, तर जोडणी तुटताच शेजारच्या खोलीतला सर्व्हर सुरू असूनही कर्मचाऱ्यांना त्यात शिरता येणार नाही. त्या सेवेची एक प्रत, आणि आणीबाणीसाठी एक स्थानिक खाते, डेटासेंटरमध्येच हवे.