भिंत आणि जमीन यांची भूमिती

घर बांधायचे ठरले की घरमालकापुढे नकाशाचे कागद येतात. त्यांवर प्लॅन असतो, एलेव्हेशन असते आणि खाली सहीसाठी जागा असते. घरमालक सही करतो. परंतु त्या रेघांमधून उभे राहणारे घर त्याला खरोखर दिसते काय? बहुधा नाही. कागदावरच्या सपाट रेघांत घन वस्तू पाहण्याची ही विद्या म्हणजेच वर्णनात्मक भूमिती. चित्रकलेच्या तासाला आपण तिला घनभूमिती म्हणत आलो. ही विद्या कोणाला शिकवावी आणि कोणापासून लपवावी, यावरून एके काळी मोठेच राजकारण झाले होते.

या शास्त्राचा जनक गास्पार मोंझ हा फ्रान्समधील बोन या गावी १७४६ साली जन्मला. बाप साधा फिरता व्यापारी. मेझिएर येथील लष्करी अभियांत्रिकी शाळेत अधिकारी होण्यासाठी घराणे लागे; ते मोंझपाशी नव्हते. त्यामुळे नकाशे व नमुने तयार करण्याच्या विभागात त्याला काम मिळाले. १७६५ च्या सुमारास त्याच्याकडे एका तटबंदीचे काम आले. तट किती उंच ठेवला म्हणजे आतला शिपाई शत्रूच्या माऱ्यापासून आड राहील, हा प्रश्न. त्या काळी यासाठी लांबलचक आकडेमोड करावी लागे. मोंझने ती बाजूला ठेवून आकृतीनेच उत्तर काढले, आणि तेही इतक्या लवकर की वरिष्ठ अधिकारी ते तपासावयासही प्रथम तयार होईना! पुढे रीतीचे मोल कळले, तेव्हा मात्र ती लष्करी गुपित ठरली. शाळेबाहेर ती शिकवण्यास मोंझला मनाई होती.

ही रीत समजण्यास अवघड नाही. खोलीच्या एका भिंतीला तिरकी टेकलेली शिडी डोळ्यांपुढे आणा. तिची सावली सरळ खाली जमिनीवर पडली असे माना. तो झाला प्लॅन. तीच सावली समोरच्या भिंतीवर सरळ पडली असे माना. ते झाले एलेव्हेशन. आता भिंत आणि जमीन जिथे मिळतात ती रेघ बिजागरी समजून भिंत मागे निजवा. दोन्ही चित्रे एकाच कागदावर आली. समजा, प्लॅनमध्ये शिडी ६ फूट दिसते आणि तिचे वरचे टोक ८ फुटांवर आहे. शिडी भिंतीशी तिरपी असल्यामुळे दोन्ही चित्रांत तिची खरी लांबी दिसत नाही. प्लॅनमधील रेघ फिरवून भिंतीला समांतर केली की एलेव्हेशनमध्ये खरी लांबी मिळते : १० फूट. छपराचा वासा किती लांब कापावा, कमानीचा दगड कोणत्या कोनात घडवावा, हे सारे याच युक्तीने सुटते. सुतार आणि पाथरवट पूर्वीही अशी कामे करीतच होते. पण ते ज्ञान वस्तादाकडून शागिर्दाकडे, हाताखाली राबूनच जाई.

राज्यक्रांतीने हे कुलूप उघडले. १७९४ साली पॅरिसला एकोल पोलितेक्निक ही संस्था निघाली आणि १७९५ साली मोंझने एकोल नॉर्मालमध्ये या विषयावर जाहीर व्याख्याने दिली. त्यांचे पुस्तक १७९९ च्या सुमारास निघाले. देशाच्या उद्योगाला परक्यांवर विसंबावे लागू नये, म्हणून कारागिरांनाही ही भूमिती यावी, असा त्याचा आग्रह होता. १८१६ मध्ये क्लॉडियस क्रोझे हा फ्रेंच अधिकारी अमेरिकेत वेस्ट पॉइंटला गेला. तेथे इंग्रजीत पुस्तकच नव्हते. तेव्हा फळ्यावर आकृत्या काढून त्याने शिकवण्यास आरंभ केला आणि १८२१ साली स्वतःच पुस्तक लिहिले.

आपल्याकडे हा विषय सरकारी बांधकामांच्या गरजेतून आला. रुडकीचे महाविद्यालय १८४७ चे. पुण्याचा अभियांत्रिकी वर्ग १८५४ चा. याच पुण्याच्या महाविद्यालयातून विश्वेश्वरय्या १८८३ साली परीक्षा उत्तीर्ण झाले. दुसरी वाट कलेची. १८५७ साली मुंबईत सर जे. जे. कलाशाळा निघाली. पुढे एलिमेंटरी व इंटरमिजिएट या ग्रेड परीक्षा गावोगावच्या शाळांत पोहोचल्या आणि इंटरमिजिएटच्या निमित्ताने शेतकऱ्यांच्या मुलांनीही शंकू व लोलक यांचे प्लॅन काढले.

आपल्या कोपरगावाला या विद्येचे ऋण रोजच दिसते. नांदूर मधमेश्वरहून निघालेले गोदावरीचे कालवे आधी कागदावर वाहिले, मग उसाच्या मळ्यांत. १९८३ मध्ये तालुक्यात संजीवनी अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले, आणि टी-स्क्वेअर घेऊन निघालेली मुले येथेही दिसू लागली.

आज संगणक क्षणात कोणत्याही बाजूचे चित्र काढून देतो. हे सोयीचे खरेच. पण संगणक चित्र काढतो, पाहावे लागते आपल्यालाच. ग्रेड परीक्षेला पुष्कळजण दहावीच्या वाढीव गुणांसाठीच बसतात आणि गुण मिळाले की भूमिती संपते. आता या विद्येवर कोणतीही बंदी उरलेली नाही. मात्र आपणच ती सोडून दिली, तर पुन्हा ती मोजक्या जाणकारांची मिरास होईल. कला शाखेच्या विद्यार्थ्याने राघोबादादांच्या वाड्याचा किंवा बेटातील शुक्राचार्यांच्या मंदिराचा साधा प्लॅन आणि एलेव्हेशन हाताने काढून पाहावे. त्याला पेन्सिल, पट्टी, मोजटेप आणि एक दुपार पुरेल. मग पुढे कधी नकाशावर सही करण्याची वेळ आली, तर ती समजून करता येईल.