घरच्या कॉम्प्युटरमधला चोरटा पाहुणा

जुहूच्या सोसायट्यांतून अनोळखी माणूस वहीत नाव लिहिल्याशिवाय लिफ्टपर्यंत पोचत नाही. पण त्याच घरातल्या कॉम्प्युटरमध्ये कोण शिरतं, याची नोंद कोण ठेवतं? ह्यांचे बँकेचे व्यवहार, मुलांचा अभ्यास, लग्नाचे फोटो, सगळं त्या एका यंत्रात असतं!

स्पायवेअर म्हणजे हेरगिरी करणारा प्रोग्रॅम. तो गुपचूप बसून आपण दाबलेली बटणं टिपतो, पासवर्ड उचलतो आणि इंटरनेटवरून आपल्या धन्याकडे पाठवतो. कधी कॅमेराही चालू करतो.

असं परदेशातच घडतं असं समजू नका. नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग यांना भीमा-कोरेगाव प्रकरणात जून २०१८ मध्ये अटक झाली. बचाव पक्षाच्या वतीने अमेरिकेतल्या ‘आर्सेनल कन्सल्टिंग’ने त्यांच्या कॉम्प्युटरची माहिती तपासली. २०२१ च्या अहवालात म्हटलं होतं, की ई-मेलमधून आलेला ‘नेटवायर’ नावाचा प्रोग्रॅम त्यात वीस महिने होता आणि बाहेरच्या कुणीतरी त्यात चौदा पत्रं आणून ठेवली. तपास यंत्रणेने या अहवालाला कोर्टात हरकत घेतली. पण असा प्रोग्रॅम माहिती नेतो तशी आणूनही ठेवू शकतो, हे आपण लक्षात ठेवायला हवं. हाच ‘नेटवायर’ इंटरनेटवर उघडपणे विकला जाई. मार्च २०२३ मध्ये क्रोएशियात एकाला अटक झाली, तेव्हा ते दुकान बंद पडलं.

हा पाहुणा बहुधा आपल्याच हातून आत येतो. ओळखीच्या नावाने आलेल्या ई-मेलची फाइल उघडली, फुकटचा सिनेमा किंवा गेम उतरवून घेतला, ‘तुमच्या कॉम्प्युटरला व्हायरस लागलाय’ म्हणणाऱ्याचं ऐकून त्याने सांगितलेला प्रोग्रॅम बसवला, की दार उघडलंच. यंत्र संथ झालं, कॅमेऱ्याचा दिवा आपोआप लागला तर सावध व्हा. मात्र पुष्कळदा काहीच लक्षण दिसत नाही.

शंका आली तर असं करा:

१. आधी इंटरनेट तोडा. बँकेचं काम त्या यंत्रावर करू नका.

२. विंडोज असेल तर ‘विंडोज सिक्युरिटी’मध्ये जाऊन पूर्ण स्कॅन करा, मग ऑफलाइन स्कॅन. सरकारच्या ‘सायबर स्वच्छता केंद्रा’ची साधनंही मोफत मिळतात.

३. प्रोग्रॅमची आणि ब्राउझरमधल्या जोडण्यांची यादी पाहा. अनोळखी असेल ते जाणकाराला विचारून काढा.

४. दुसऱ्या, खात्रीच्या यंत्रावरून पासवर्ड बदला. आधी ई-मेलचा, मग बँकेचा.

५. तरी शंका राहिली, तर फोटो व कागदपत्रं पेनड्राइव्हवर काढून विंडोज नव्याने टाकून घ्या.

यातलं चौथं काम बहुतेकजणी विसरतात. चोर हाकलला तरी किल्ल्यांची नक्कल त्याच्याकडे राहतेच ना! आणि त्याच यंत्रावर पासवर्ड बदलला, तर नवी किल्लीही त्याच्या हातात जाते.

खात्यातून पैसे गेले असतील तर वेळ न दवडता १९३० वर फोन करा.

आणखी एक गोष्ट, जरा नाजूक. कधी कधी हेर घरातलाच असतो. आपण कुणाला काय लिहिलं हे कुणी न सांगताच जाणत असेल, तर घाईने प्रोग्रॅम काढू नका; पुरावा जातो, रागही ओढवतो. मैत्रिणीच्या फोनवरून महिला हेल्पलाइन १८१ ला विचारा. बाईच्या ई-मेल-इंटरनेटवर पाळत ठेवणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे.

तेव्हा मैत्रिणींनो, कॉम्प्युटर ‘ह्यांचं खातं’ म्हणून सोडून देऊ नका. दिवाळीची साफसफाई करतो तशी महिन्यातून एकदा त्याचीही झाडलोट करा. पहिल्या दिवशी तासभर जाईल, पुढे सवय होईल.