सोर्समधून कंपाइल करताना नेमकं काय होतं? ओपनफोमच्या निमित्ताने



पीएचडीला नुकत्याच लागलेल्या किंवा लागू पाहणाऱ्या मुलांचे जे मेसेज मला येतात, त्यातले बरेचसे एकाच साच्याचे असतात. लॅपटॉपच्या स्क्रीनचा मोबाइलवर काढलेला फोटो, त्यात टर्मिनलच्या शेवटच्या चार ओळी, आणि खाली, "दादा, एरर आलाय, काय करू?" जी ओळ पाहायला हवी ती फोटोत नसतेच. ती दोनशे ओळी वर निघून गेलेली असते.

यात त्या मुलांची चूक नाही. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत सॉफ्टवेअर टाकणं म्हणजे सेटअपवर डबल क्लिक आणि मग नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश. रिसर्चला आलं की एकदम सोर्स कोड हातात पडतो आणि गाइड सांगतात, "कंपाइल करून घे." म्हणजे नक्की काय, हे कुणी सांगत नाही.

म्हणून हा लेख. कमांडची यादी इथे देत नाही. ती मॅन्युअलमध्ये असते आणि व्हर्जनप्रमाणे बदलते. (इथे कमांडची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, स्पेलिंग मॅन्युअलमधून घ्या.) कंपाइल होताना काय घडतं, एरर कुठल्या टप्प्यावर आलाय हे कसं ओळखायचं, आणि सगळं नीट कंपाइल झाल्यावरही काय तपासायचं, एवढंच सांगतो. यातली शेवटची गोष्ट मी अठरा दिवस घालवून शिकलो.

ओपनफोम म्हणजे एक प्रोग्रॅम नव्हे

ओपनफोम हे द्रव आणि वायूंच्या प्रवाहाचं गणित सोडवणारं सॉफ्टवेअर. त्याची सुरुवात लंडनच्या इंपीरियल कॉलेजमध्ये झाली आणि २००४ साली ते जीपीएल लायसन्सखाली सगळ्यांसाठी खुलं झालं. आपल्याकडे आयआयटी मुंबईचा फॉसी प्रकल्प सायलॅब, ओपनमॉडेलिका, डीडब्ल्यूसिम यांच्यासोबत ओपनफोमचाही प्रसार करतो. तिथल्याच स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात ओपनफोमची मालिका आहे. सुरुवात करणाऱ्यांनी ती जरूर पाहावी.

मुद्दा असा की ओपनफोम उघडल्यावर एक खिडकी येईल आणि त्यात मेन्यू असतील, असं काही नसतं. तो शेकडो छोट्या प्रोग्रॅमचा आणि लायब्ररींचा संच आहे. जाळी बनवणारा प्रोग्रॅम वेगळा, गणित सोडवणारा सॉल्व्हर वेगळा, टर्ब्युलन्सच्या मॉडेलची लायब्ररी वेगळी. फॉसीनेच तयार केलेलं ईसिम पाहिलं असेल तर हे लगेच कळेल. तिथे सर्किटचं चित्र कायकॅडमध्ये काढायचं आणि गणित एनजीस्पाइस करतं. ईसिम या सगळ्यांना एकत्र बांधतं. मॉड्यूलर म्हणतात ते हेच.

याचा फायदा असा की स्वतःचा एक भाग लिहून या संचात बसवता येतो. मी कालव्याच्या दरवाजाखालून सुटणाऱ्या पाण्यावर काम करतो. तळाच्या खडबडीतपणासाठी मला हवी तशी बाउंडरी कंडिशन ओपनफोममध्ये नव्हती, ती मी लिहून जोडली. तोटा असा की भाग जितके जास्त, तितके ते एकमेकांशी न जुळण्याचे रस्तेही जास्त.

आधी ठरवा: कंपाइल करायची गरज आहे का?

हा प्रश्न कुणी विचारतच नाही. उबुंटूवर ओपनफोमचं तयार पॅकेज मिळतं आणि दहा-पंधरा मिनिटांत काम होतं. तयार सॉल्व्हर वापरून केस चालवायची असेल तर सोर्सच्या वाटेला जाऊ नका. स्वतःची एखादी बाउंडरी कंडिशन लिहायची असली, तरी तयार पॅकेजवर तेवढी एकच लायब्ररी कंपाइल करता येते. त्यासाठी अख्खं ओपनफोम कंपाइल करायची गरज नसते.

सगळं सोर्समधून कंपाइल करायची माझ्या मते तीन कारणं आहेत. एक, सॉफ्टवेअरच्या गाभ्यातच बदल करायचाय. दोन, प्रोग्रॅम मध्येच पडतोय आणि तो कुठे पडतो हे शोधायला डीबग पद्धतीने कंपाइल करायचंय. तीन, संस्थेच्या सुपरकॉम्प्युटरवर काम करायचंय. पुण्याच्या आयसरमध्ये सीडॅकने उभारलेला परम ब्रह्म आहे, तशा सामाईक मशीनवर तुम्हाला ॲडमिनचे अधिकार नसतात. हवी ती व्हर्जन तिथे आधीपासून नसेल, तर आपल्या होम फोल्डरमध्ये स्वतः कंपाइल करणं हाच मार्ग उरतो.

आणखी एक. ओपनफोमचे दोन प्रवाह आहेत. फाउंडेशनच्या व्हर्जन १०, ११, १२ अशा आकड्यांनी ओळखल्या जातात. दुसऱ्या प्रवाहाच्या वर्ष आणि महिन्यावरून, म्हणजे २३१२ ही २०२३ च्या डिसेंबरची. फाउंडेशनने व्हर्जन ११ पासून सॉल्व्हरची रचनाच बदलली. आता फोमरन नावाचा एकच प्रोग्रॅम आणि त्याला जोडायचे सॉल्व्हर मॉड्यूल, अशी ती आहे. त्यामुळे एका प्रवाहातला इंटरनेटवरचा उपाय दुसऱ्यात चालेलच असं नाही. उपाय वाचण्याआधी तो कुठल्या व्हर्जनसाठी आहे ते बघा. मी २३१२ वापरतो, पुढचं सगळं तिच्याबद्दल आहे.

चार टप्पे, चार प्रकारचे एरर

मी २३१२ पहिल्यांदा कंपाइल केली ती सुट्टीत गावी, गंगाखेड तालुक्यातल्या राणीसावरगावला. आठ जीबी रॅमचा लॅपटॉप, मोबाइलचं हॉटस्पॉट आणि मधूनमधून जाणारी लाइट. अडचणी भरपूर आल्या, पण त्यामुळेच टप्पे नीट कळले.

पहिला टप्पा तयारीचा. कंपायलर, फ्लेक्स, एमपीआय, स्कॉच अशा बाहेरच्या वस्तू मशीनवर आहेत का, आणि ओपनफोमची बॅशआरसी फाइल सोर्स केली आहे का? ही फाइल टर्मिनलला सांगते की ओपनफोम कुठे आहे, कुठली व्हर्जन आहे, तयार झालेल्या गोष्टी कुठे ठेवायच्या. हे विसरलात तर "कमांड नॉट फाउंड" येतं. फोल्डरच्या नावात स्पेस नको. विंडोजवर डब्ल्यूएसएल वापरत असाल तर सोर्स सी ड्राइव्हवर ठेवू नका, लिनक्सच्या होममध्ये ठेवा. तिथे वेग मिळतो आणि कॅपिटल-स्मॉल अक्षरांचा घोळ होत नाही.

दुसरा टप्पा खरा कंपाइलचा. ऑल-डब्ल्यूमेक ही स्क्रिप्ट चालवली की आधी गाभ्याची लायब्ररी, मग जाळीच्या आणि फायनाइट व्हॉल्यूमच्या, आणि नंतर सॉल्व्हर, अशा क्रमाने काम होतं. प्रत्येक सी-प्लस-प्लस फाइलची ऑब्जेक्ट फाइल बनते. इथला नेहमीचा एरर म्हणजे अमुक हेडर फाइलसाठी "नो सच फाइल ऑर डिरेक्टरी". याचा अर्थ पॅकेज टाकलेलं नाही, किंवा तुमच्या मेक फोल्डरमधल्या ऑप्शन्स फाइलमध्ये त्याचा पत्ता दिलेला नाही.

माझा एरर मात्र वेगळा होता. "किल्ड सिग्नल टर्मिनेटेड प्रोग्रॅम सीसीवनप्लस." मला वाटलं कोड बिघडलाय, म्हणून सगळं पुसून पुन्हा डाउनलोड केलं. कोडमध्ये काहीच चूक नव्हती. आठ कोअरवर आठ फाइली एकदम कंपाइल करायला लावल्या होत्या, रॅम संपली आणि लिनक्सने कंपायलरच मारून टाकला. दोन कोअरवर लावलं, स्वॅप वाढवला, आणि काम पुढे सरकलं. वेळ जास्त लागला, पण झालं.

लाइट गेल्यावर किंवा बॅटरी संपल्यावर घाबरू नका. तीच स्क्रिप्ट पुन्हा चालवली की झालेलं काम सोडून उरलेलं पुढे सुरू होतं. फक्त बंद पडताना जी फाइल लिहिली जात होती ती अर्धवट राहू शकते. मग लिंक करताना "फाइल ट्रंकेटेड" किंवा तत्सम तक्रार येते. तेवढी ऑब्जेक्ट फाइल काढून टाका, किंवा त्या एका लायब्ररीपुरतं डब्ल्यूक्लीन करा. सगळं पुसायची गरज नाही.

तिसरा टप्पा लिंकिंगचा. ऑब्जेक्ट फाइली जोडून लायब्ररी किंवा प्रोग्रॅम बनतो. इथला एरर "अनडिफाइन्ड रेफरन्स". फंक्शनचं नाव हेडरमध्ये सापडलं म्हणून कंपाइल झालं, पण ते फंक्शन प्रत्यक्षात ज्या लायब्ररीत आहे ती जोडलेली नाही. अशा वेळी तुमचा कोड पुन्हा पुन्हा वाचून उपयोग नाही, ऑप्शन्स फाइलमधली लायब्ररींची यादी वाचा.

चौथा टप्पा चालवण्याचा. "कॅनॉट ओपन शेअर्ड ऑब्जेक्ट फाइल" म्हणजे प्रोग्रॅम आहे पण त्याला लागणारी लायब्ररी सापडत नाही. बहुतेक वेळा या टर्मिनलमध्ये बॅशआरसी सोर्स केलेली नसते. इथे आणखी एक गंमत आहे. स्कॉच मशीनवर नसेल तर ओपनफोम कंपाइल करताना अडून बसत नाही, त्याच्या जागी एक नकली लायब्ररी बनवून पुढे जातं. मग केस अनेक कोअरवर वाटायला जाता तेव्हा कळतं की स्कॉच नाहीच. म्हणजे एरर चौथ्या टप्प्यावर दिसतो, पण चूक पहिल्या टप्प्यावरची असते.

सवय एकच लावा. लॉग फाइलमध्ये साठवा आणि सगळ्यात पहिला एरर शोधा. नंतरचे एरर बहुतेक वेळा त्याचीच पिल्लं असतात. अनेक कोअरवर लॉगची सरमिसळ होते, म्हणून अडल्यावर एकाच कोअरवर पुन्हा चालवा. पहिला एरर स्पष्ट दिसतो.

पहिली केस

कंपाइल झालं की आधी फोम-इन्स्टॉलेशन-टेस्ट चालवा, मग कॅव्हिटी नावाची ट्युटोरियल केस. ०.१ मीटर बाजूचा चौकोन, वरची भिंत सेकंदाला १ मीटर वेगाने सरकते, आत ४०० घरांची जाळी. ब्लॉकमेश आणि आयकोफोम, दोन कमांड. ०.००५ सेकंदाच्या १०० पायऱ्यांत केस संपते. ट्युटोरियलच्या मूळ फोल्डरमध्ये चालवू नका, कॉपी करून घ्या. स्वतःची मोठी केस लगेच लावायचा मोह होतो, पण ती पडली तर दोष इन्स्टॉलेशनचा की केसचा हे कळत नाही.

माझे अठरा दिवस

आता तो किस्सा. माझ्या मशीनवर आधीपासून २३०६ चं तयार पॅकेज होतं. त्यावर मी माझी खडबडीतपणाची लायब्ररी बनवली होती. पुढे २३१२ सोर्समधून कंपाइल केली, लायब्ररीत सुधारणा केली, ती २३१२ वर कंपाइल झाली. एकही एरर नाही. मग अठरा दिवस केसेस चालवल्या, आलेख काढले आणि मॅडमना दाखवले.

मॅडमनी दोन आलेख एकावर एक ठेवले आणि म्हणाल्या, "अरे, खडबडीतपणाचं सूत्र बदललंस ना? मग आकडा तिसऱ्या दशांश स्थळापर्यंत तोच कसा? पाण्याला कळलंच नाही का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. रात्री लॉग उघडले. ओपनफोम प्रत्येक लॉगच्या सुरुवातीला स्वतःची व्हर्जन आणि बिल्ड छापतं. प्रत्येक लॉगमध्ये २३०६ होतं. अठरा दिवस ती ओळ माझ्या डोळ्यांसमोर होती.

झालं असं होतं की लायब्ररी मी एका टर्मिनलमध्ये, २३१२ लावून कंपाइल केली. केसेस मात्र नव्या टर्मिनलमध्ये चालवत होतो, आणि तिथे माझ्या बॅशआरसीतून आपोआप २३०६ लागत होती. ओपनफोम प्रत्येक व्हर्जनसाठी तुमचं युजर फोल्डर वेगळं ठेवतं. २३०६ च्या फोल्डरमध्ये त्याच नावाची जुनी लायब्ररी पडलेली होतीच. सॉल्व्हरला हवी ती फाइल मिळाली, तो तक्रार कशाला करेल? जुनी लायब्ररी तिथे नसती तर पहिल्याच मिनिटाला एरर आला असता आणि मी वाचलो असतो.

त्या दिवसापासून एरर न येण्याची मला जास्त भीती वाटते. एरर आला तर निदान थांबायला तरी होतं. तो आलेख मॅडमच्या नजरेतून सुटला असता, तर "नव्या सूत्राने फरक पडत नाही" असा चुकीचा निष्कर्ष माझ्या नावाने छापून आला असता.

आता मी काय करतो

१. टर्मिनल उघडल्यावर कुठलीही व्हर्जन आपोआप लागू देत नाही. दर वेळी हाताने लावतो.

२. सॉल्व्हर नेमका कुठून येतोय ते व्हिच कमांडने आणि त्याच्या लायब्ररी कुठून येतात ते एलडीडीने पाहतो. कंट्रोलडिक्टमधून चालू असताना जोडलेली लायब्ररी एलडीडीत दिसत नाही, म्हणून पुढची सवय.

३. माझ्या लायब्ररीच्या नावातच तारीख घालतो, आणि ती वापरात आली की लॉगमध्ये एक ओळ छापायला लावतो. ती ओळ दिसली नाही तर केस थांबवतो.

४. बनानाची युक्ती. बाउंडरी कंडिशनच्या नावाच्या जागी मुद्दाम "बनाना" लिहायचं. असा प्रकार नाही म्हणून ओपनफोम तक्रार करतं आणि चालणाऱ्या सगळ्या नावांची यादी देतं. त्यात आपलं नाव आहे का बघायचं. नसेल तर लायब्ररी लोडच झालेली नाही.

५. काहीतरी मुद्दाम अवाजवी करून बघतो. खडबडीतपणा शंभरपट केला आणि तरी उत्तर हललं नाही, तर माझा कोड चालतच नाहीये.

६. प्रत्येक केसच्या फोल्डरमध्ये साधी टेक्स्ट फाइल ठेवतो. व्हर्जन, कंपायलर, ऑप्ट की डीबग, आणि गिटमधला कमिट क्रमांक. सहा महिन्यांनी रिव्ह्यूअर विचारतो तेव्हा डोक्यातलं काहीच आठवत नाही.

प्रयोगशाळेत काम करणारा माणूस वजनकाटा शून्यावर आहे ना हे आधी बघतो आणि वहीत लिहितो. आपला काटा कॉम्प्युटरच्या आत आहे म्हणून ते काम सुटत नाही.

तर पुढच्या वेळी मला मेसेज कराल तेव्हा फोटो नको. पूर्ण लॉग फाइल पाठवा आणि चारपैकी कुठल्या टप्प्यावर अडलात ते लिहा. बऱ्याचदा ते लिहितानाच उत्तर सापडेल. नाही सापडलं तर मी आहेच.