टेबलावरचे आणि कपाटातले

माझा संगणक २००६ सालचा, तपकीर गल्लीतून सुटे भाग आणून जुळवलेला. मुलगा दर दिवाळीला त्याला भंगारात काढायला निघतो आणि मी आडवा येतो. कारण सात वर्षे रेंगाळलेली माझी कादंबरी त्यात आहे, तीही युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये. दुसऱ्या यंत्रावर उघडली की अक्षरांची भेळ होते.

गेल्या श्रावणात एका रात्री लिहिता लिहिता पडदा निळा झाला. सकाळी बटण दाबले तर पडदा काळा आणि पेटीतून लांबलचक शिट्ट्या. शेजारचा मुलगा ऐकून म्हणाला, "काका, मेमरी गेली."

माझ्या पोटात गोळा आला. मेमरी गेली म्हणजे कादंबरीच गेली! बँकेत संध्याकाळी बॅकअपची टेप घेतल्याशिवाय कुणाला घरी न सोडणारा मी. घरात मात्र एक प्रत ठेवलेली नव्हती. जुने सहकारी हे वाचून हसतील. हसोत बापडे.

पण तसे नव्हते. रॅम म्हणजे साहेबाचे टेबल आणि हार्ड डिस्क म्हणजे रेकॉर्ड रूममधले कपाट. वीज गेली की टेबल कोरे होते, कपाटातले राहते.

मग वायर काढून पेटी उघडली. अंगातली स्थिर वीज उतरावी म्हणून आधी लोखंडी सांगाड्याला हात लावायचा. दोन्ही टोकांच्या खिट्ट्या सोडवून ५१२ एमबीच्या दोन पट्ट्या बाहेर काढल्या. त्यांचे सोनेरी दात त्या मुलाने चक्क खोडरबराने पुसले. लेजरमध्ये खाडाखोड म्हणजे गुन्हा, चुकले तर रेघ मारून सही करायची, अशा शिस्तीत माझी नोकरी गेली. इथे खोडरबर हाच उपाय!

एकेक पट्टी लावून पाहिली. एक चालली, दुसरी शिट्टीच मारी. उरलेल्या एकीवर एक्सपी सुरू झाले, पण रखडत. टेबल लहान, म्हणून दर कागद कपाटात ठेवायचा आणि पुन्हा काढायचा. डिस्क नुसती घरघरत होती.

तपकीर गल्लीत दुकानदाराने आधी डीडीआर-३ची पट्टी पुढे केली. तिची खाच वेगळ्या जागी असते, डीडीआर-२च्या फटीत ती बसतच नाही. शेवटी जुन्यातल्या एक-एक जीबीच्या दोन पट्ट्या मिळाल्या. माझ्या बोर्डाला त्याहून जास्त पेलतही नाही.

तरी कादंबरी लगेच उघडली नाही. खराब रॅम कपाटातल्या फाईलमध्येही चुकीची नोंद उतरवू शकते. म्हणून रात्रभर मेमटेस्ट लावला आणि जमाखर्च जुळेपर्यंत शाखेत थांबावे तसा जागत बसलो. पहाटे चुकांच्या रकान्यात शून्य होते.

फाईल उघडली. शेवटची दोन पाने नव्हती. ती टेबलावरच राहिली होती. सौभाग्यवती चहा ठेवत म्हणाली, "त्या दोन पानांत म्हातारा मरत होता ना? मग बरे झाले."

आधी पेनड्राइव्हवर प्रत घेतली. म्हाताऱ्याचे काय करायचे, ते अजून ठरत नाही.