नवे वॉशिंग मशीन व ड्रायर : माल टाकण्यापूर्वीची तपासणी

भिवंडी, मालेगाव, सोलापूर अशा आपल्या कापडाच्या गावांतून आता लहान कारखानदारही धुण्याचे मशीन व ड्रायर घेऊ लागले आहेत. कोणी शिवलेले कुर्ते धुऊन, मऊ करून मग पॅक करतो. कोणी टॉवेल-चादरीचा नमुना धुऊन तो किती आटतो हे पाहतो. कोणी हॉटेलच्या चादरी धुण्याचे काम घेतो. मशीन टेम्पोतून उतरले की पेढे वाटायचे आणि अडून राहिलेला माल त्याच संध्याकाळी आत टाकायचा, ही आपल्याकडची रीत झाली आहे. आमचे मत वेगळे आहे. मशीनचा पहिला दिवस धंद्याच्या हिशेबात धरूच नये. मशीन आपले असते, पण आतला माल बहुधा दुसऱ्याचा, आपल्याकडे अमानत म्हणून आलेला असतो. मशीन बिघडले तर कंपनी दुरुस्त करून देईल. पन्नास कुर्त्यांवर ग्रीसचे डाग पडले तर ते कोण भरून देणार? वॉरंटी कार्ड नीट वाचा. त्यात मशीनच्या भागांची हमी असते, आतल्या कपड्यांची नसते.

समोरून दार उघडणाऱ्या मशीनच्या पाठीमागे बहुधा तीन किंवा चार लांब बोल्ट असतात. प्रवासात आतला ड्रम हलू नये म्हणून ते कसलेले असतात. ते काढल्याशिवाय मशीन चालविले तर पिळण्याच्या वेळी ते जागेवरून उड्या मारू लागते आणि ड्रमला तोलून धरणारे भाग खराब होतात. म्हणून बोल्ट काढून भोकांवर सोबत आलेली झाकणे बसवावीत. काढलेले बोल्ट मात्र भंगारात देऊ नयेत. भाड्याचा गाळा कधी बदलावा लागेल याचा भरवसा नसतो, आणि मशीन पुन्हा हलविताना तेच बोल्ट लागतात.

मशीन पक्क्या फरशीवर ठेवावे, गाळ्यातल्या लाकडी माळ्यावर चढवू नये. वर गवंड्याची पाणसळ ठेवून चारही पाय सारखे करावेत. मग कोपऱ्यांवर तिरके दाबून पाहावे. जराही डुलले तर पाय पुन्हा फिरवून लॉकनट घट्ट करावेत. पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारण्याचा उद्योग करू नये. पुठ्ठा भिजतो, दबतो आणि आठ दिवसांत मशीन पुन्हा डुलू लागते.

विजेच्या बाबतीत कसूर नको. ओली जमीन, ओले हात आणि लोखंडी यंत्र एकत्र आले आहे, हे विसरू नये. एका फेजवर चालणाऱ्या मशीनला बहुधा १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट लागतो. एक्स्टेंशन बोर्ड चालणार नाही. इलेक्ट्रिशियनकडून न्यूट्रल व अर्थ यांच्यातील व्होल्टेज मोजून घ्यावे. ते दोन-तीन व्होल्टच्या वर गेले तर आधी अर्थिंग दुरुस्त करावे, मशीन नंतर. लाइनवर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवून तिचे चाचणीचे बटण स्वतः दाबून पाहावे. मोठ्या ड्रायरचा पंखा तीन फेजवर चालत असेल तर तो कोणत्या दिशेने फिरतो तेही पाहावे. दोन फेज अदलाबदल झाल्या तर पंखा उलटा फिरतो, वारा पुरेसा निघत नाही, आणि मालक महिनाभर म्हणत राहतो की ड्रायर कमी वाळवतो.

पाण्याची नळी जोडण्यापूर्वी नळ बादलीत मोकळा सोडावा. नव्या पाइपातली वाळू, सिमेंट व टेपचे तुकडे आधी बाहेर पडू द्यावेत, नाही तर ते थेट मशीनच्या जाळीत जाऊन बसतात. दाबाचा हिशेब सोपा आहे : टाकीतले पाणी नळापेक्षा १० मीटर उंच असेल तर सुमारे एक बार दाब मिळतो, ३ मीटर असेल तर ०.३ बार. मशीनला किमान किती दाब लागतो ते पुस्तिकेत दिलेले असते. टाकी खाली असेल तर छोटा पंप लावावा लागेल. बोअरचे पाणी बाटलीत घेऊन थोडा साबण टाकून हलवावे. फेस न येता पांढरा साका झाला तर पाणी जड आहे असे समजावे. अशा पाण्याने हीटरवर थर चढतो आणि पांढरा माल काळपटतो. सांडपाण्याची नळी पुस्तिकेत दिलेल्या उंचीवरच अडकवावी. ती जमिनीवर टाकली तर भरलेले पाणी आपोआप वाहून जाते आणि मशीन नुसते भरत राहते.

आता पहिली फेरी. ती रिकामी, थोडी पावडर टाकून, ६० अंश गरम पाण्यावर चालवावी. कारखान्यात मशीन पाण्यावर तपासलेले असते, शिवाय आत तेलाचा अंश राहिलेला असू शकतो. तो निघून जातो. या वेळी जवळ उभे राहून प्रत्येक जोडावर कोरडा कागद फिरवावा. बारीक गळती डोळ्यांना दिसत नाही, कागदावर लगेच दिसते.

दुसरी फेरी पांढऱ्या मांजरपाटाची. जुना, धुतलेला मांजरपाट आत टाकून पूर्ण धुणे व पिळणे होऊ द्यावे आणि उन्हात पसरून पाहावा. करडा डाग दिसला तर ग्रीस, पिवळसर दिसला तर पाण्यातले लोह. त्यानंतर हातात जुना नायलॉनचा मोजा चढवून ड्रमच्या आतून सगळीकडे फिरवावा. जेथे तो अडकतो तेथे पत्र्याची धार राहिलेली आहे. शिफॉनची ओढणी तेथेच फाटली असती. धार सापडली तर स्वतः कानस लावू नये, कंपनीच्या माणसाला बोलावून दाखवावे.

ड्रायरचा ड्रम ओल्या फडक्याने पुसून घ्यावा आणि पहिल्या खेपेस जुन्या ओल्या चिंध्याच वाळवाव्यात. नव्या हीटरचा वास प्रथम येतो, तो आपल्या चिंध्यांना लागू द्यावा. धूर मात्र दिसला तर बंद करावे. हवा बाहेर सोडणारा ड्रायर असेल तर पाइप धातूचा, आखूड व कमी वळणांचा असावा, आणि त्याचे तोंड मोकळ्या हवेत निघावे. मागाच्या शेडमध्ये सोडले तर ओलाव्याने लोखंड गंजते. पाइपात व जाळीत साचणारी रुई आगीला निमंत्रण आहे. जाळी प्रत्येक खेपेनंतर साफ करावी. गॅसचा ड्रायर असेल तर जोडांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का पाहावे. काडी ओढून पाहणाऱ्याला जवळ उभे करू नये.

आपल्या धंद्यात एक सवय फार धोक्याची आहे. मशीनच्या तेलाचा डाग पेट्रोल, थिनर किंवा रॉकेलने काढतात. असा कपडा ड्रायरमध्ये कधीही घालू नये. वाफेचा भडका उडतो. तेलाने माखलेली फडकी गरम होऊन ढिगात पडली तर ती स्वतःहूनही पेट घेऊ शकतात. कामावर ठेवलेल्या मुलाला हे पहिल्याच दिवशी सांगावे. गरम खेपेची थंड होण्याची पाळी मधेच तोडून कपड्यांचा ढीग लावू नये, हेही त्यातच आले.

आता तराजू घ्यावा, कारण खरा हिशेब येथे आहे. ५ किलो कोरडे सुती कापड धुऊन पिळल्यावर ८ किलो भरले, तर त्यात ३ लिटर पाणी राहिले. साध्या हीटरच्या ड्रायरला एक लिटर पाणी उडवायला साधारण एक युनिट वीज लागते, म्हणजे तीन युनिट. तेच कापड ९ किलो भरले तर प्रत्येक खेपेला एक युनिट जास्त. दोष पिळण्यात असतो आणि शिव्या ड्रायरला बसतात. वाळून निघाल्यावर पुन्हा तोलावे. ५ किलो भरले की पुरे. सूत हवेतला सुमारे आठ टक्के ओलावा धरून ठेवते. कापड ४ किलो ७०० ग्रॅम भरले तर ते जास्त तापले, वीज वाया गेली आणि कापड गरजेपेक्षा अधिक आटले.

शेवटी, आटण्याचे माप. नव्या कापडाच्या तुकड्यावर पक्क्या शाईने उभ्या व आडव्या दोन्ही दिशांना ५० सेंटिमीटरच्या खुणा कराव्यात आणि तो तीन वेळा धुऊन, वाळवून मोजावा. ५० चे ४७.५ झाले तर ५ टक्के आट धरावी. उभी व आडवी आट सहसा सारखी नसते, म्हणून दोन्ही आकडे वेगळे लिहावेत. दुसऱ्याच्या मशीनवर काढलेली आट आपल्या मशीनला लागू पडेलच असे नाही. आपले आकडे हाती आले की मगच कटिंग मास्तरला माप वाढवायला सांगावे.