एक कडा, सहा ऋतू

वैद्यमित्रहो, चिकित्सालय आणि औषधालय सांभाळता सांभाळता आपल्यापैकी अनेकांचे छंद कपाटात जाऊन बसतात. आमचा कॅमेरा असाच सहा वर्षे पडून होता. एके काळी सवड मिळताच सह्याद्रीत जाऊन डोंगरांची छायाचित्रे टिपणारे आम्ही. परंतु डिजिटल कॅमेरा आला आणि छत्तीस चित्रांच्या रिळाचे बंधन सुटले. एका भटकंतीत पाचशे चित्रे घ्यावयाची आणि घरी आल्यावर ती उघडूनही पाहावयाची नाहीत, असा क्रम सुरू झाला. पुढे जाण्याची इच्छाच मावळली. खेदाची गोष्ट अशी की, रुग्णाकडे पाहण्याची आमची दृष्टीही तितकीच उतावीळ झाली होती. त्याचे वाक्य पुरे होण्याआधीच आमचा हात लेखणीकडे जाई.

२०२२ च्या श्रावणात एका स्नेह्याच्या आग्रहाने कॅमेरा बाहेर काढला, तेव्हा भिंगावर बुरशी धरली होती. ती साफ करवून घेतली आणि अकोले तालुक्यातील पाचनई गावातून हरिश्चंद्रगड चढलो. सुमारे १,४०० मीटर उंचीच्या या गडाच्या पश्चिमेस सुप्रसिद्ध कोकणकडा आहे. पहाटे तेथे पोहोचलो, तर दहा हातांवरचेही दिसेना. तीन तास तिपाईशेजारी बसून काढले. चहा घेऊन आलेला गावातील मुलगा म्हणाला, "ढग खाली बसू द्या, मग कडा दिसंल." तसेच घडले. जेमतेम दहा मिनिटे कडा उघडा झाला. आम्ही सातच चित्रे घेतली. त्यांतील एक आज आमच्या प्रतीक्षाकक्षात लावलेले आहे.

त्या दिवशी अमेरिकन छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स यांची आठवण झाली. १९२७ मध्ये कॅलिफोर्नियातील योसेमिटी येथे 'हाफ डोम' या शिखरासमोर ते उभे होते, तेव्हा त्यांच्याजवळ दोनच काचा उरल्या होत्या. पहिली पिवळ्या फिल्टरने घेतल्यावर, मनात उमटलेले गडद आकाश तीत उतरणार नाही हे त्यांनी ओळखले आणि शेवटच्या काचेसाठी लाल फिल्टर लावला. ते चित्र जगप्रसिद्ध झाले. साधने तुटपुंजी असली की आधी मनाला पाहावे लागते, हेच खरे.

तेव्हापासून आम्ही दोन नियम केले. एका फेरीत छत्तीसच चित्रे घ्यावयाची आणि सहाही ऋतूंत त्याच कड्यावर जावयाचे. ऋतुचर्या आपण रुग्णांना नित्य सांगतो. डोंगराची ऋतुचर्या मात्र आम्ही प्रथमच पाहिली. शरदात गवत पिवळे पडू लागते. हेमंतातील पहाटे खाली कोकणात धुके साचते. शिशिरात कातळ उघडे पडतात. वसंतातील धूसर हवेचा आम्ही पूर्वी कंटाळा करीत असू; आता तीच हवा दूरच्या डोंगररांगा एकामागे एक फिकट करीत नेते, हे ध्यानी आले. ग्रीष्माच्या अखेरीस पश्चिमेकडून ढग चढू लागतात.

प्रकाशाचाही नियम आहे. कडा पश्चिमाभिमुख असल्याने सकाळी तो छायेत असतो. त्याचा खडक उजळतो तो दुपारनंतर. मात्र सकाळी सूर्य पाठीशी आणि ढग समोर खाली असतील, तर स्वतःच्या सावलीभोवती वर्तुळाकार इंद्रधनुष्य उमटते. यालाच इंद्रवज्र म्हणतात. १८३५ साली कर्नल साइक्स यांनी ते येथे पाहिल्याची नोंद आहे. आम्हास ते अद्याप दिसलेले नाही, आणि पुन्हा जाण्यास तेवढे कारण पुरेसे आहे.

ज्यांचे कॅमेरे कपाटात आहेत, त्यांच्यासाठी दोन शब्द. गोळ्यांच्या बाटल्यांतील सिलिका जेलच्या पुड्या टाकून देऊ नका. हवाबंद डब्यात कॅमेऱ्यासोबत ठेवल्यास भिंग कोरडे राहते. पोलरायझिंग फिल्टरने ओल्या पानांवरची चकाकी कमी होऊन मूळ हिरवा रंग दिसतो. तिपाई कड्याच्या धारेपासून दूरच ठेवावी. हा परिसर १९८६ पासून अभयारण्य आहे, याचेही भान असावे.

दर्शन, स्पर्शन, प्रश्न ही त्रिविध परीक्षा आपण विद्यार्थिदशेत शिकलो. त्यांतील 'दर्शन' आम्ही विसरत चाललो होतो. हल्ली रुग्ण समोर बसला की आम्ही लेखणी खाली ठेवतो आणि त्याचे बोलणे संपेपर्यंत त्याच्याकडे पाहत राहतो. येत्या शरदात आम्ही पुन्हा पाचनईची वाट धरणार आहोत. कोणास सोबत यावयाचे असल्यास अवश्य कळवावे.